पाहिजे: एक भोचक माणूस

भोचक माणसाला आपल्याकडे कधी मान मिळाला नाही. मांडवी एक्स्प्रेसमध्ये समोरच्या सीटवर बसून पनवेल सुटेपर्यंत आपलं गाव आणि आडनाव, खेड येईपर्यंत पगार आणि चिपळूणच्या आत मुलीचे बारावीचे मार्क काढून घेणारे गृहस्थ, किंवा पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय जिना चढू न देणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, यांच्याबद्दल कुणी चार बरे शब्द लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. यांचा उपयोग काय, असं विचारलं तर त्यांच्या घरचेही गप्प बसतील. माझं मात्र स्पष्ट मत झालं आहे, की आपल्या विद्यापीठांना आज कुलगुरूंच्या खालोखाल कशाची गरज असेल तर ती एका पगारी, पूर्णवेळ, कायम भोचकाची. किंबहुना कुलगुरू एक वेळ प्रभारी असले तरी चालतं, हे आपण पाहिलेलंच आहे. भोचक प्रभारी असून चालायचं नाही.

परदेशातल्या विद्यापीठांनी हे बऱ्याच आधी ओळखलं. तिथे ग्रंथालयाच्या आसऱ्याने 'रिसर्च डेटा मॅनेजमेंट सर्व्हिस' नावाचा एक विभाग असतो. नाव ऐकून वाटतं, तळघरात मोठमोठी यंत्रं घोंघावत असतील. असतातही. पण विभागाचं खरं काम म्हणजे संशोधकाच्या टेबलाशी जाऊन त्याला भंडावणं. हे आकडे कुठून आणलेत? कधी घेतलेत? कुणी घेतले? कोणत्या यंत्रावर? त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली होती? दुसरी प्रत कुठे आहे? दहा वर्षांनी हे कुणाला उघडता येईल का? आणि तुम्ही गेल्यावर हे सगळं कुणाकडे जाणार? शेवटचा प्रश्न विचारताना वकीलसुद्धा आधी पाणी मागवतो. डेटावाल्या मॅडम तो पहिल्या भेटीत विचारतात.

आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात ही सेवा उद्या सुरू झाली, तर पहिला संवाद साधारण असा होईल:

"सर, या एक्सेल शीटमध्ये 'टी-२' असा कॉलम आहे. तो कसला?"

"टेंपरेचर."

"आणि टी-१?"

"तेही टेंपरेचरच."

"टी-२मध्ये एका ठिकाणी ४१२ लिहिलंय, सर."

"मग ती ट्रीटमेंट असेल. दुसऱ्या प्लॉटची."

"आणि हे काही सेल पिवळे केलेत?"

"ते महत्त्वाचे आहेत, मॅडम."

"महत्त्वाचे म्हणजे घ्यायचे, की वगळायचे?"

"ते ज्याने पिवळे केले त्यालाच ठाऊक."

"तो कुठे असतो?"

"एमपीएससी झाला. परभणीकडे नायब तहसीलदार आहे. आता फोन उचलत नाही."

म्हणजे जमिनीच्या सुपीकतेवरच्या पाच वर्षांच्या संशोधनाची किल्ली सध्या एका तहसील कचेरीत बसून दुसऱ्यांचे सातबारे तपासते आहे. सरांचा यात दोष नाही. त्यांनी मुलाला डेटा नीट ठेवायला सांगितलं होतं आणि मुलाने तो अगदी नीट, स्वतःच्या डोक्यात ठेवला होता. डोकं सरकारी नोकरीत लागलं, त्याला विद्यापीठ काय करणार?

हे परभणीपुरतं नाही. टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदा २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला. २०१४ साली 'करंट बायॉलॉजी'त त्याचा निष्कर्ष छापून आला. निबंध एका वर्षाने म्हातारा झाला की त्याचा डेटा शिल्लक असण्याचा संभव १७ टक्क्यांनी घटतो, आणि लेखकाचा चालू ईमेल पत्ता मिळण्याचा संभव ७ टक्क्यांनी. थोडक्यात, माणूस आकड्यांपेक्षा चिवट निघाला. माणूस सापडतो, चहा पाजतो, त्या काळच्या आठवणी सांगतो. डेटा मात्र ज्या कॉम्प्युटरवर होता तो कॉम्प्युटर विभागाने भंगारात काढलेला असतो, तोही तीन कोटेशनं मागवून, रीतसर.

आपली विद्यापीठं काहीच टिकवत नाहीत असा मात्र कुणी आरोप करू नये. पीएचडीचा प्रबंध घ्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र आणि दोन पानी ऋणनिर्देश, ज्यात ग्रामदैवतापासून बाइंडिंगवाल्यापर्यंत कुणी सुटलेलं नसतं. त्याची सॉफ्ट कॉपी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगे'त सोडली जाते. तिथे देशभरचे लाखो प्रबंध नांदतात. शिवाय शब्दांची चोरी झालेली नाही ना, हे तपासायला सॉफ्टवेअर आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे शिक्षा. शब्दांची झडती इतकी कडक. आकड्यांना मात्र 'तुम्ही कोण, कुठले' असं कुणी विचारत नाही. प्रस्तावनेत दुसऱ्याची वाक्यं फार झाली की विद्यार्थी पकडला जातो. चौथ्या प्रकरणातला अख्खा तक्ता हॉस्टेलच्या खोलीत मध्यरात्री जन्माला आला असेल, तर तो शंभर टक्के मौलिक ठरतो, कारण तसले आकडे जगात दुसरीकडे कुठेच नसतात.

नोंद कशी ठेवावी हे आपल्याला कळत नाही असंही नाही. नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजातला प्राध्यापक आणि शिपाई दोघंही जिओटॅग या विषयात पारंगत होतात. वृक्षारोपणाच्या प्रत्येक फोटोवर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. प्रमुख पाहुण्यांनी रोप नेमकं कुठे लावलं ते दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत नोंदलेलं असतं. रोप पुढे जगत नाही. पण ते कुठे नाही, हे अत्यंत अचूक सांगता येतं. त्याच कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात कपाटातल्या वाळवलेल्या पानांवर मात्र 'सह्याद्री, पावसाळा' एवढाच पत्ता असतो. सह्याद्री गुजरातच्या हद्दीपासून कन्याकुमारीकडे जातो आणि पावसाळा दर वर्षी येतो.

आणि कचेरी! आस्थापना विभागातलं आवक-जावक रजिस्टर हा डेटा व्यवस्थापनाचा उत्तम नमुना आहे. क्रमांक, तारीख, कुणाकडून, कुणाकडे, विषय, सही. कुणाची वेतनवाढ कोणत्या पत्राने रोखली होती, ते पत्र तीस वर्षांनीही दहा मिनिटांत निघतं. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेल्या वर्षीचं नदीच्या पाण्याचं पृथक्करण निघत नाही. ते काढायचं तर प्रयोगशाळेतल्या मामांना विचारावं लागतं. मामांना सगळं माहीत असतं: कोणत्या सरांच्या वह्या कोणत्या कपाटात, कोणत्या कपाटाची किल्ली कोणत्या ड्रॉवरमध्ये आणि कोणत्या वह्यांवर गेल्या पावसात गळलं. विद्यापीठाची खरी डेटा सर्व्हिस म्हणजे मामा. ते निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन जातात आणि त्यांच्याबरोबर तीन विभागांचा इतिहास जातो.

आता बॅकअपचं बघू. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवाव्यात आणि त्यातली निदान एक दुसऱ्या जागी असावी, असा जगभरच्या संगणकवाल्यांचा नियम आहे. आपला संशोधक तो पाळतोच. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. तिन्ही एकाच सॅकमध्ये घालून तो स्वारगेटहून एसटीने निघाला की शेवटची अटही पुरी होते. डेटा दुसऱ्या जागी पोचतो. कधी सॅकसकट, कधी सॅक दुसऱ्याची.

अर्थात नुसती यंत्रं मोठी असून भागत नाही. डिसेंबर २०२१मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या कामातला एक प्रोग्राम चालू होता. जुन्या झालेल्या लॉग फायली पुसणं एवढंच त्या वेळी त्याच्याकडे होतं. तो चालू असतानाच त्याची सुधारलेली आवृत्ती त्याच्यावर टाकली गेली. अर्धा जुना, अर्धा नवा अशा अवस्थेत पुसायची जागा कोणती हेच त्याच्या ध्यानातून गेलं आणि त्याने संशोधकांच्या फायलींना हात घातला. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधक गट. त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता. राखणीला ठेवलेल्याने न विचारता साफसफाई केली, असा हा प्रकार.

'न विचारता' हे इथलं मर्म आहे. भोचक माणूस विचारतो. न विचारता करतो तो आगाऊ. संशोधनाच्या जगात आगाऊपणाचा मेरुमणी म्हणजे एक्सेल. जीवशास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांना 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी संक्षिप्त नावं दिली होती. एक्सेलला वाटलं, या बिचाऱ्यांना तारीख लिहायची असणार. त्याने परस्पर १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकलं. २०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी'त तीन संशोधकांनी हिशेब मांडला: ज्या निबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडल्या होत्या, त्यातल्या साधारण पाचातल्या एकात असा घोटाळा होता. शेवटी २०२०मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि नावंच बदलली. मार्च-१चा 'मार्चएफ-१' झाला, सेप्ट-२चा 'सेप्टिन-२'. माणसाच्या पेशीत कोट्यवधी वर्षं सुखाने राहणाऱ्या जनुकाला एका हिशेबाच्या वहीपायी नाव बदलावं लागलं. सासरी जाणाऱ्या मुलींनीही आता ते सोडलं आहे. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३मध्ये, मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करण्याची सोय दिली. आपल्याकडे याच आगाऊपणाने सर्वेक्षणातल्या बारा आकडी आधार क्रमांकांचं '२.३४ई+११' करून ठेवलं आहे. साऱ्या गावाचा आधार जवळजवळ सारखाच दिसतो. सामाजिक समतेचं इतकं स्वस्त साधन दुसरं नसेल.

याउलट ज्याने विचारायला हवं होतं त्याने विचारलंच नाही, की काय होतं? नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात डिडरिक स्टापेल नावाचे सामाजिक मानसशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. अस्वच्छ रेल्वे स्टेशनवर माणसं जास्त भेदभाव करतात, असा त्यांचा एक शोध २०११मध्ये 'सायन्स'मध्ये झळकला. (हा प्रयोग दादरला करायला हवा होता. तिथे गर्दीत भेदभाव करायला लागणारी जागाच मिळत नाही.) स्टापेल यांची थोरवी अशी, की विद्यार्थ्यांना ते कष्ट पडू देत नसत. शाळाशाळांत जाऊन प्रश्नावल्या भरून आणण्याचं काम ते स्वतःच करत आणि विद्यार्थ्यांच्या हातात तयार आकडे ठेवत. 'सर, मी येऊ का बरोबर?' असं कुणी म्हटलं की काहीतरी कारण निघे. मूळ प्रश्नावल्या मागितल्या तर त्या जागेअभावी टाकून दिलेल्या असत. इतका प्रेमळ गाइड मिळाल्यावर प्रश्न कोण विचारणार? शेवटी तीन तरुण संशोधकांनी धीर केला आणि सर्वेक्षणं झालीच नव्हती, असं निघालं. पुढे त्यांचे पन्नासाहून अधिक निबंध मागे घेण्यात आले. त्या विभागात आपल्या मांडवी एक्स्प्रेसमधले गृहस्थ असते, तर 'कुठल्या शाळेत गेला होतात? हेडमास्तर कोण? आमचे एक मेहुणे तिथेच असतात' एवढ्यावर पहिल्याच वर्षी प्रकरण मिटलं असतं.

विचारणारा भेटला की काय होतं, तेही पाहा. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन बड्या अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये मांडलं, की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर कोसळतो, सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो. काटकसरवादी मंत्री हा निबंध छातीशी धरून हिंडत होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी गृहपाठ म्हणून तेच गणित करायला बसला. उत्तर जुळेना. त्याने मूळ फाइल मागितली आणि २०१३मध्ये ती त्याला मिळाली. उघडून बघतो तर सरासरीच्या सूत्रात पाच देश राहून गेलेले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. इंग्रजी हजेरीपटावरचे पहिले पाच नंबर! ती चूक, काही वर्षं वगळणं आणि देशांना दिलेलं वजन, हे सगळं सुधारल्यावर उणे ०.१चा अधिक २.२ झाला. एका विद्यार्थ्याच्या 'जरा फाइल दाखवता का?'ने अर्थमंत्र्यांची झोप उडाली. फाइल पाठवल्याबद्दल त्या दोघा प्राध्यापकांचंही कौतुक करायला हवं. बहुतेकांनी पाठवली नसती.

हे मी उगाच म्हणत नाही. हल्ली निबंधाच्या शेवटी एक वाक्य असतं: 'योग्य विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल.' हे वाक्य म्हणजे 'एकदा या की घरी जेवायला'. म्हणणाऱ्याला माहीत असतं, ऐकणारा येणार नाही. ऐकणाऱ्याला माहीत असतं, वार सांगितलेला नाही. एका अभ्यासगटाने मात्र हे आमंत्रण खरं मानलं. डेटा देण्याची तयारी लिहून दाखवणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे त्यांनी खरोखर डेटा मागितला. २०२२मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ९३ टक्के लेखकांनी उत्तरच दिलं नाही किंवा नकार दिला. जेवायला वाढलं फक्त १२२ जणांनी.

एवढं सगळं वाचून वाटेल, की आकड्यांची अशी झाडाझडती घेणं हे पाश्चात्त्य खूळ आहे आणि आपला पिंड त्याचा नाही. तसं ज्याला वाटतं त्याने पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर जावं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली: शारदा लिपीतली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी. १९२५पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर, केंब्रिजला गणित शिकलेले. प्रत्येक पोथीला लिपीवरून संक्षिप्त खूण दिली होती, आणि श्लोकातला एखादा शब्द कोणत्या पोथीत कसा आहे, हे पानाच्या तळाशी त्या खुणांनिशी छापलेलं असे. संपादकांनी जे श्लोक मुख्य पाठातून काढले तेही फेकले नाहीत. तळटीपेत नाहीतर परिशिष्टात, पत्त्यासकट ठेवले. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही सर्वांची लाडकी गोष्टसुद्धा पोथ्यांच्या पुराव्यावर टिकेना, तेव्हा तिची रवानगी परिशिष्टात झाली. पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवायचं, याला विद्वत्तेइतकंच काळीजही लागतं. पण पाठवताना कोणकोणत्या पोथीत गणपती आहे आणि कोणत्या पोथीत नाही, हे नोंदवून पाठवलं. सुकथनकर १९४३मध्ये गेले, काम १९६६मध्ये पुरं झालं, आणि संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही तो आजही त्याच पानावर बसून दुसरा पाठ लावू शकतो. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी चांगल्या डेटाच्या चार अटी ठरवल्या: तो सापडावा, हाती लागावा, इतरांच्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. भांडारकरच्या पंडितांनी त्यातल्या चारही, वीज अधूनमधून जात असताना, पाळल्या होत्या.

तेव्हा कस आपल्यात आहे. प्रश्न भोचकाच्या निवडीचा आहे, कारण सगळेच भोचक या कामाचे नाहीत. चांगल्या भोचकाला विचारता जितकं यावं तितकंच पोटात ठेवताही यावं. समाजशास्त्राच्या प्रबंधात नेहमी लिहिलेलं असतं: 'गोपनीयतेसाठी गावाचं नाव बदललं आहे.' आणि ऋणनिर्देशात त्याच गावाच्या सरपंचांचे, ग्रामसेवकांचे आणि ज्यांच्या ओसरीवर मुक्काम केला त्या पाटलांचे नावानिशी आभार मानलेले असतात. तक्त्यात मग 'उत्तरदाती क्रमांक १४: महिला, वय ३६, अंगणवाडी सेविका, गावातली एकमेव' अशी ओळख लपवलेली असते. खरं तर गावकऱ्यांकडून शिकायला हवं. संशोधक प्रश्नावली काढायच्या आत त्यांनी त्याचं गाव, जात, लग्न, पगार आणि या कामाचे तुम्हाला किती मिळतात, एवढं काढून घेतलेलं असतं. हा सगळा डेटा गावात पुढची वीस वर्षं सुरक्षित राहतो आणि मागितल्यास लगेच उपलब्ध होतो.

सरकारांना हे काम फॉर्म भरून होईल असं वाटतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०११पासून प्रत्येक अर्जाबरोबर दोन पानांचा डेटा आराखडा मागायला सुरुवात केली. तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे एनआयएचने, जानेवारी २०२३पासून तसाच नियम आणला. सार्वजनिक पैशातून जमलेला, गोपनीय नसलेला सरकारी डेटा लोकांना मिळावा, असं धोरण आपल्या केंद्र सरकारनेही २०१२ साली जाहीर केलं. हेतू उत्तम. पण फॉर्म म्हटला की माणसातला संशोधक झोपतो आणि अर्जदार जागा होतो. आदल्या वर्षी ज्याचा अर्ज मंजूर झाला त्याचा आराखडा मागवायचा, नाव बदलायचं आणि खाली सही. मग ओव्यांवरच्या संशोधनाच्या अर्जातही 'सर्व नमुने उणे ८० अंशांवर ठेवले जातील' असं वाक्य शिरू शकतं, आणि मंजूर करणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही. जात्यावरची ओवी इतक्या थंडीत गाऊन दाखवा असं कुणी म्हणत नाही, हे नशीब.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्र विद्यापीठाने म्हणून फॉर्मच्या जोडीला माणसं नेमली. २०१७पासून एकेक करत तिथल्या आठही विद्याशाखांत डेटा स्टुअर्ड आले. त्या त्या विषयातलं कळणारी, संशोधन केलेली माणसं. यातली गोम लक्षात घ्यायला हवी. टी-२ हा ट्रीटमेंटचा की टेंपरेचरचा हा प्रश्न विचारायला शेतीतलं थोडं कळावं लागतं. ज्याला विषय कळत नाही तो फक्त 'बॅकअप घेतलात का?' एवढंच विचारतो, आणि त्याला 'हो' म्हणायला संशोधकाला काहीच लागत नाही.

पैशाचं काय, असं कुलसचिव विचारतील. डच शास्त्रज्ञ बॅरेंड मॉन्स यांनी २०२०मध्ये 'नेचर'मध्ये सांगितलं, की संशोधनाच्या खर्चातले ५ टक्के डेटा पुन्हा वापरण्याजोगा ठेवण्यावर घालावेत. आपल्याकडे राष्ट्रीय परिसंवादाच्या पिशव्या, पेनं, मोमेंटो आणि दीपप्रज्वलनाची समई यावर किती जातात, याचा आकडा काढायला हरकत नाही. तो डेटा मात्र पावत्यांसकट जपलेला असतो, कारण ऑडिट नावाचा सरकारी भोचक दर वर्षी येतो. तो आकडे कुठून आणलेत असं नक्की विचारतो आणि म्हणून पावत्या टिकतात. संशोधनाच्या दाराशी असा एकही येत नाही.

राहता राहिली निवड. यासाठी सेट-नेट, एपीआय स्कोअर वगैरे पाहू नये. उमेदवारांना कुठल्याही विभागाच्या व्हरांड्यात, जुन्या कपाटासमोर, अर्धा तास बसवून ठेवावं. जे मोबाइल बघत बसतील त्यांना प्रवासखर्च देऊन परत पाठवावं. जो कपाटावरची चिठ्ठी वाचेल, ती अर्धी फाटली आहे हे बघून मामांना गाठेल, या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारेल, आणि मुलाखतीला आत आल्यावर समितीने तोंड उघडायच्या आत 'या जागेवर आधी कोण होतं? ते का गेले? आणि जाताना त्यांनी फायली कुणाकडे दिल्या?' असं विचारेल, त्याला तिथल्या तिथे नेमणुकीचं पत्र द्यावं. कंत्राटी नको, कायम. समितीतल्या एखाद्या ज्येष्ठ सदस्यांना हा उद्धटपणा वाटेल. वाटू द्यावा. त्यांची पीएचडी कधीची आहे, एवढं मात्र तो चहा पिता पिता विचारणारच, आणि मूळ आकडे कुठे आहेत, हेही.